करंज्यांना मुरड कोणी घालायची? सण आणि घरातील ज्येष्ठ : वाचकांचे प्रश्न

महालक्ष्म्यांचे विसर्जन झाल्यापासून दसऱ्यापर्यंत या सदराकडे नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे घरातील वयस्क माणसे आणि सणांचे दिवस यांविषयीची आहेत. लिहिणाऱ्यांत सुना आहेत, मुलगे आणि मुली आहेत, आणि एक पत्र स्वतः ज्येष्ठ असलेल्या वाचकाचे आहे. ते मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण आधीच्या पत्रांत ज्यांच्याविषयी बोलले गेले, त्यांच्यापैकी एकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकलेले बरे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे वगळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे दुखतात आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. यंदाही त्यांनी पहाटे चारपासून सोवळ्यात उभे राहून पुरण शिजवले, सोळा भाज्या चिरल्या, आंबील केली, चाळीस पाने उठेपर्यंत त्या टेकल्या नाहीत आणि विसर्जनाच्या दिवशी चक्कर येऊन ओट्यापाशीच खाली बसल्या. दिवाळीचा फराळ या वर्षी विकत आणू, असे मी म्हटले, तर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना आराम मिळावा एवढीच माझी इच्छा आहे. त्यांना कसे समजवावे?
(एक सून, प्रतापनगर)

उत्तर : चक्कर आली, या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण फराळाच्या वादात ती मागे पडलेली दिसते. पूजेच्या दिवशी अनेक घरांतील बायका नैवेद्य दाखवेपर्यंत काही खात नाहीत, पाणीही मोजकेच पितात, रक्तदाबाची गोळी एक तर राहून जाते किंवा उपाशीपोटी घेतली जाते, आणि भाद्रपदातल्या उकाड्यात पेटत्या शेगड्यांपुढे सहा-सात तास उभे राहिल्यावर चक्कर येण्यात नवल उरत नाही. तरीही ‘दगदगीने आली असेल’ असे म्हणून ती सोडून देऊ नका. दिवाळीपूर्वी त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि रक्तदाब बसलेल्या स्थितीत व उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजण्याची विनंती करा, कारण उतारवयात, विशेषतः गोळ्या चालू असताना, उभे राहताच दाब उतरण्याचा त्रास अनेकांना असतो आणि एकदाच मोजल्याने तो लक्षात येत नाही. त्या दिवशी गोळी घेतली होती का, हेही डॉक्टरांसमोरच विचारा. घरी विचारलेत तर ‘घेतली होती’ हेच उत्तर मिळेल.

आता फराळ. तुम्ही ‘विकत आणू’ म्हणालात तेव्हा तुमच्या मनात त्यांचे गुडघे होते. त्यांना मात्र असे ऐकू आले असावे की, ज्या कामासाठी या घराने इतकी वर्षे त्यांच्याकडे पाहिले, ते काम आता सीताबर्डीच्या दुकानातून पिशवीत भरून आणता येते. त्या मानाने दोन दिवसांचा अबोला फार नाही. म्हणून समजवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि कामाची वाटणी करा. फराळाच्या कामात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : ताकदीचे काम, उभ्याने आचेपुढे करायचे काम आणि जाणकारीचे काम. डबे उचलणे, पीठ तिंबणे, सोऱ्या दाबणे आणि तळणे ही पहिली दोन कामे तुम्ही, तुमचे पती आणि मुले मिळून घ्या. (पतींचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही, म्हणून तो येथे करत आहे.) तिसरे काम मात्र सासूबाईंचेच राहू द्या आणि ते खरोखरीचे काम आहे. अनारशांचा तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचा, सावलीत सुकवून तो जरा दमट असतानाच दळायचा, गुळात कालवून पीठ काही दिवस मुरू द्यायचे, आणि हे सगळे लक्ष्मीपूजनापासून मागे मोजत कोणत्या वारी सुरू करायचे, हा हिशेब घरात एकाच माणसाच्या डोक्यात असतो. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभऱ्याची डाळ आणि उडदाची डाळ किती, धणे-जिरे किती आणि भाजणे कुठे थांबवायचे, हेही तसेच.

मात्र ‘तुम्ही नुसत्या बसून सांगा’ असे म्हणू नका. आयुष्यभर हात चालवलेल्या बाईला नुसते बसवणे हे मान देण्यासारखे वाटते, पण तिला ते बाजूला सारल्यासारखेच लागते. हाताला काम द्या. जेवणाच्या टेबलाशी हात असलेल्या खुर्चीवर बसून करंज्यांना मुरड घालणे, शंकरपाळे कापणे, चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करणे, वाती वळणे ही कामे गुडघ्यांना त्रास न देता होतात. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त नको आणि एका दिवशी एकच पदार्थ हवा. सासूबाई प्रमाणे सांगतील तेव्हा वाटी-चिमटीच्या मापाने सांगतील. त्यांचा हात चालत असतानाच शेजारी वजनकाटा ठेवून ती मापे ग्रॅममध्ये लिहून घ्या. पुढच्या वर्षी ती वही तुम्हाला उपयोगी पडेल आणि यंदा ती लिहिली जाताना पाहणे त्यांना आवडेल. एखादा पदार्थ, शेव म्हणा किंवा चिवडा, विकत आणायचा असेल, तर तो कोणता हे त्यांनाच ठरवू द्या.

पुढच्या भाद्रपदासाठीही एक सूचना आहे. चाळीस पानांचा स्वयंपाक आणि नैवेद्य या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. देवीपुढे जे ताट जाईल, तेवढा स्वयंपाक सासूबाईंनी सोवळ्यात, थोड्या प्रमाणात, मधे बसण्याची सोय ठेवून करावा, आणि पंगतीचा स्वयंपाक आचाऱ्याकडे द्यावा. माझ्या परिचयाच्या तीन-चार घरांत, महालमध्ये आणि गोकुळपेठेत, ही पद्धत सुरू झाली आहे आणि कोणाच्याही महालक्ष्म्या रुसल्याचे ऐकिवात नाही.

नरक चतुर्दशीविषयी थोडे. तेल-उटणे लावलेले अंग, ओली फरशी आणि पहाटेची घाई हे पडण्यासाठी पुरेसे कारण आहे, आणि या वयात खुब्याचे हाड मोडले तर दिवाळी बाजूलाच राहते, पुढचे कित्येक महिने अंथरुणात जातात. तेल खोलीत, खुर्चीवर बसवून लावा. न्हाणीघरात प्लास्टिकचा बळकट स्टूल, न सरकणारी चटई आणि भिंतीत पक्का बसवलेला दांडा असावा. टॉवेल अडकवण्याची दांडी आधाराला उपयोगी नाही, ती हातात निघून येते. पाणी कढत नको, कारण कढत पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना उठताना अंधारी येऊ शकते. दाराशी रांगोळी आणि पणत्या अशा मांडा की ये-जा करायची वाट मोकळी राहील, आणि माळांच्या वायरी जमिनीवरून नेऊ नका. भाजलेच तर जखम नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरायची. टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावायचे नाही.

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेले असताना ते कोणाच्याही नकळत बाहेर पडले आणि दोन तासांनी महालमध्ये, आमचा जुना वाडा होता त्या गल्लीत सापडले. या वर्षीही बहीण, चुलतभाऊ आणि मुले मिळून चौदा जण येणार आहेत. त्यांना येऊ नका म्हणणे जिवावर येते. काय करावे?
(एक मुलगा, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : येऊ नका म्हणण्याची गरज नाही, सगळ्यांनी एकाच वेळी, आणि तेही संध्याकाळी येऊ नये, एवढे म्हणा. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता वाढणे नेहमी दिसते, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी दिवे लुकलुकू लागतात, फटाके सुरू होतात आणि घरात माणसे दाटतात. अशा वेळी समोरचे घर त्यांना आपले वाटेनासे होते आणि ते ‘आपल्या घरी’ जायला निघतात. तुमचे वडील वाट चुकले नव्हते, ते त्यांच्या आठवणीतल्या घरीच गेले होते. तेव्हा पाहुण्यांच्या भेटी सकाळी दहा ते बारा या वेळेत, दोन-तीन जणांच्या गटाने ठेवा, आणि संध्याकाळी पाच वाजल्यापासून त्यांच्यासोबत घरातील ओळखीचा एकच माणूस आतल्या खोलीत राहील असे ठरवा. कोण, किती वाजेपर्यंत, हे नावानिशी कागदावर लिहा. ‘सगळे आहेतच ना लक्ष ठेवायला’ असे जेव्हा असते, तेव्हा लक्ष कोणाचेच नसते. गेल्या वर्षी हेच झाले.

येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट फोनवर आधीच सांगा : ‘ओळखा पाहू मी कोण?’ हा प्रश्न विचारायचा नाही. प्रेमाने विचारला जातो, पण ज्याने तीस वर्षे मुलांच्या परीक्षा घेतल्या, त्याची भरल्या घरात परीक्षा घेऊन त्याला नापास करण्यासारखे ते आहे. त्याऐवजी समोर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, ‘काका, मी पुण्याहून आलो, तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा’ असे आपणच सांगावे. ते ‘घरी जायचे आहे’ म्हणाले, तर ‘हेच घर आहे’ असा वाद घालू नये. ‘जाऊ, आधी चहा घेऊ, वाड्यात विहीर कुठल्या बाजूला होती हो?’ असे विचारत बोलणे पुढे न्यावे. त्यांना नातवंडांच्या वह्या तपासायला द्या, आपट्याची पाने निवडायला द्या, फुले मोजायला द्या. मोजणी चुकली तरी चालेल.

फटाक्यांविषयी : दिवाळीत फटाके रात्री ८ ते १० या दोन तासांतच उडवावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. तो आपल्या गल्लीत कितपत पाळला जातो, हे तुम्हालाही दिसतेच. तरी शेजारच्या घरांत स्वतः जाऊन वडिलांच्या आजाराविषयी सांगितले, तर निदान दाराशी सुतळी बॉम्ब फुटणार नाहीत. आजाराविषयी बोलण्यात कमीपणा नाही. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, लुकलुकणाऱ्या माळेऐवजी स्थिर दिवा, आणि त्यांच्या तरुणपणीची गाणी हळू आवाजात, एवढ्याने बराच फरक पडतो. श्रवणयंत्र वापरत असतील तर त्या दोन तासांपुरता त्याचा आवाज कमी करा किंवा ते काढून ठेवा.

दाराला उघडताच वाजणारी साधी घंटी लावा. सदऱ्याच्या खिशात नाव, ‘मला विसरायला होते’ हे वाक्य आणि दोन फोन क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवा, आणि त्या दिवशी घातलेल्या कपड्यांत त्यांचा एक फोटो सकाळीच काढून ठेवा. चौकातला पानवाला, इस्त्रीवाला, सोसायटीचा चौकीदार यांना कल्पना द्या. दुर्दैवाने पुन्हा निघून गेलेच, तर ११२ वर लगेच कळवा. चोवीस तास थांबावे लागते, हा निव्वळ गैरसमज आहे. आणि शोध जुन्या वाड्याच्या गल्लीपासूनच सुरू करा.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. दिवाळीत जो तो ‘एकाने काय होते’ म्हणून आग्रह करतो. मी अडवले की त्यांना राग येतो.
(मानेवाडा)

उत्तर : तुम्ही चारचौघांत अडवता म्हणून राग येतो. ‘बाबांना देऊ नका, त्यांना शुगर आहे’ हे वाक्य पाहुण्यांसमोर उच्चारू नका. फराळाला बसण्यापूर्वी दोघांनी मिळून ठरवावे : दिवसाला एक गोड, तेही जेवणाला जोडून, आणि कोणते ते बाबा निवडतील. नागपूरकर असल्यामुळे ते संत्रा बर्फी निवडतील, असा माझा अंदाज आहे, आणि ती छोटी वडी त्यांनी समाधानाने खावी. लक्ष मात्र तिखट फराळाकडेही असू द्या. चिवडा, शेव, चकली यांत पीठ आणि मीठ भरपूर असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-आमटीतले मीठही आले. ‘शुगर फ्री’ मिठाईत खवा, तूप, मैदा असतोच. गोड जास्त झाले म्हणून गोळी किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने वाढवू नये.

सणात उलटाही धोका असतो, तो लोक विसरतात. गोळी वेळेवर घेतली आणि पूजेमुळे जेवण तीन वाजता झाले, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, हातांची थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले की साखर मोजावी. ७० च्या खाली असेल किंवा यंत्र जवळ नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. नवरात्रातील आणि इतर उपवासांविषयी डॉक्टरांशी आधी बोला, कारण साबुदाण्याच्या खिचडीने साखर जेवणाइतकीच, किंबहुना जास्तही चढते.

प्रश्न : आई अंथरुणाला खिळून आहे. तिची काळजी घेणाऱ्या मावशी बालाघाटकडच्या आहेत आणि दिवाळीत दहा दिवस गावी जातात. नेमके त्याच वेळी मुंबईचे भाऊ-वहिनी येतात. गेल्या वर्षी मी दहा दिवस झोपलेच नाही.
(एक मुलगी, सक्करदरा)

उत्तर : मावशींची रजा अडवू नका, त्यांच्याही घरी वाट पाहणारे कोणी आहे. बदली बाई मिळाली, तर मावशी जाण्याआधी दोन दिवस दोघींना एकत्र काम करू द्या, म्हणजे कूस कशी बदलायची, कोणत्या बाजूला दुखते, गोळी कशात कालवून द्यायची, हे हातांनी शिकले जाईल. कागदावर लिहूनही ठेवा.

भावाला आजच फोन करा आणि ‘या वेळी रात्रीची पाळी तुझी’ असे स्पष्ट सांगा. दिवाळीला येणारी भावंडे आईला भेटायला येतात, तिच्याजवळ तासभर बसतात, फोटो काढतात आणि शेजारच्या खोलीत निजतात; यात दुष्टपणा नसतो, त्यांना कोणी काम सांगितलेले नसते एवढेच. रात्री दोनला आईला पाणी पाजणे आणि पहाटे डायपर बदलणे भावाला जमेल. पहिल्या रात्री तुम्ही शेजारी उभ्या राहून दाखवा, दुसऱ्या रात्री दार लावून झोपा.

प्रश्न : आषाढात वडील गेले. आई ७८ वर्षांची आहे. आत्या म्हणते की वर्षभर सण करायचा नसतो, आकाशकंदीलसुद्धा लावायचा नाही. भाऊ म्हणतो, दिवाळीत आईला गोव्याला नेऊ, म्हणजे आठवण येणार नाही. आईला विचारले तर ती म्हणते, ‘तुम्ही म्हणाल तसे.’
(एक मुलगी, नंदनवन)

उत्तर : ‘तुम्ही म्हणाल तसे’ हे उत्तर म्हणून धरू नका. तुमच्या आईला एवढा मोठा प्रश्न, बहुधा दोन-चार जणांच्या देखत, विचारला गेला असावा. तिच्याजवळ एकटीने बसा आणि लहान प्रश्न विचारा : दारात एक पणती ठेवायची का? बाबांचा कंदील माळ्यावरून काढायचा की तिथेच राहू द्यायचा? शेजारच्या काकू फराळाचे ताट आणतील, ते दारातच घ्यायचे की त्यांना आत बसवायचे? अशा प्रश्नांना ती उत्तरे देईल आणि त्यांतून तिची दिवाळी कशी असावी, हे तुम्हाला कळेल. घरी तळण न करण्याची आणि नातलगांनी फराळ आणून देण्याची आपल्याकडची रीत मला शहाणपणाची वाटते, कारण तिच्या निमित्ताने दुःखाच्या घरी माणसे येत राहतात. आत्यांचाही भाऊ गेला आहे, हे विसरू नका; कंदिलाबद्दलचा त्यांचा आग्रह कदाचित त्यातूनच आला असेल. पण रीत आईसाठी आहे. तिला कंदील हवा असेल, तर कंदील लागला पाहिजे.

गोव्याचा बेत मला पटत नाही. आठवण घरातच राहते आणि माणूस गावाला जाते, असे होत नाही. सगळ्यांत जड दिवस पाडव्याचा असेल, कारण त्या संध्याकाळी बायको नवऱ्याला ओवाळते, आणि आईच्या हातातले तबक तेवढे रिकामे होईल. त्या संध्याकाळी तिच्याजवळ तुम्हीच राहा. वडिलांविषयी बोलणे टाळू नका. त्यांचे नाव घेतल्याने ती रडेल म्हणून घरातले सगळे ते नाव टाळतात, आणि त्यामुळे तिला वाटते की ते फक्त तिलाच आठवतात. तिचा भाऊ हयात असेल, तर भाऊबीजेला तिला त्याच्याकडे घेऊन जा. ओवाळण्याचा तिचा तो हक्क कोणी काढून घेतलेला नाही. जवळच्या गावी जायचे असेल तर एसटीत ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट लागत नाही. सवलतीसाठी लागणारे ओळखपत्र तेवढे जवळ असावे.

कोणी नातलग तिला हळद-कुंकवाच्या किंवा ओवाळणीच्या वेळी मागे बसायला सुचवतील. तिथे तुम्ही आवाज चढवल्याशिवाय, पण ठामपणे नाही म्हणा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एका खेड्याला जे जमले, ते नंदनवनातील एका दिवाणखान्यात जमायला हरकत नसावी.

एवढे पाहत राहा की ती जेवते का, झोपते का, आणि एखाद्या क्षणी का होईना नातवंडांकडे पाहून हसते का. जेवणखाण तुटले, दिवसचे दिवस ती कोणाशी बोललीच नाही, किंवा ‘आता मलाही ने’ असे ती मनापासून, वारंवार म्हणू लागली, तर तो केवळ शोक समजू नका आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : मी ७९ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त. पत्नी ७४ वर्षांची. मुलगा बंगळुरूला असतो. दरवर्षी दिवाळीत तो तिकिटे पाठवतो आणि घर बंद करून आम्ही जातो. तिथे चौदाव्या मजल्यावर आमची उत्तम व्यवस्था असते. पण आम्ही पाहुणे असतो. मला पाडव्याला टेकडीच्या गणपतीला जायचे असते, अंगणातल्या तुळशीपुढे स्वतः दिवा लावायचा असतो, बागेतल्या आमच्या मंडळींना फराळाला बोलवायचे असते. मुलगा वाईट मुळीच नाही. त्याला न दुखावता नाही कसे म्हणावे?
(एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : तिकिटे यायच्या आधी म्हणावे. तिकीट हातात पडल्यावर दिलेला नकार मुलाला लागतो. दसऱ्याच्या सुमारास फोनवर ‘या दिवाळीला आम्ही इथेच राहू म्हणतो, तुमच्याकडे डिसेंबरात महिनाभर येतो’ असे सांगितले, तर त्यात नकारापेक्षा बेत जास्त असतो. जे आपण मला लिहिले, तुळस, टेकडी, बागेतली मंडळी, ते त्याला सांगितले आहे का? बहुतेक वडील सांगत नाहीत. ‘प्रवास झेपत नाही’ असे काहीतरी म्हणतात, आणि मुलगा मग विमानाची तिकिटे काढतो.

आता एक प्रश्न मी आपल्याला विचारते, कारण मुलाची बाजू मांडणारे येथे कोणी नाही. गेल्या वर्षभरात दोघांपैकी कोणी पडले आहे का, गॅस चालू राहिला आहे का, रात्रीत दवाखान्यात जावे लागले आहे का? तसे असेल तर त्याचा आग्रह रास्त आहे आणि सोबतीला कोणी असल्याशिवाय इथे राहण्याचा हट्ट धरू नये. तसे नसेल, तर त्याची काळजी ज्या गोष्टींनी कमी होईल, त्या आपणच आधी करून त्याला कळवाव्यात. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज या दिवसांत औषधांची दुकाने आणि डॉक्टर दोन्ही भरवशाचे नसतात, म्हणून पंधरा दिवसांची औषधे आधी आणून ठेवावीत. घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे असावी. सकाळी साडेआठला रोज एक फोन ठरवून घ्यावा, आणि तो आला नाही तर कोणाला कळवायचे तेही ठरलेले असावे. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक फोनशेजारी लिहून ठेवावा. फराळाला बागेतल्या मंडळींना बोलवाल तेव्हा पत्नीच्या कंबरेचा विचार करून चहाच्या कपबश्या तेवढ्या आपण विसळाव्यात, ही माझी आगाऊ सूचना.

आणि मुलाला इकडे बोलवा. ‘तू ये’ असे म्हणणे आईवडिलांना जड जाते, त्याची नोकरी, नातवंडांची शाळा यांचा विचार मनात येतो. पण न बोलावल्यामुळे अनेक मुले समजतात की आईवडिलांनाच आपल्याकडे यायला आवडते. पूर्ण दिवाळी नाही जमली, तर तुळशीच्या लग्नाला चार दिवस येऊ दे. तो आला, तर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखला त्याच्या मोबाइलवरून घरबसल्या करून घ्या. जीवन प्रमाण प्रणालीत आता चेहऱ्याच्या ओळखीवरून तो निघतो; बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून बँकेत तिष्ठण्याचे कारण राहिलेले नाही. तो नाही आला तर पोस्टमनही शुल्क घेऊन घरी येऊन हे काम करतो. पुढच्या वर्षी आपण ८० पूर्ण कराल, म्हणजे केंद्रीय निवृत्तिवेतनधारक म्हणून आपल्याला हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येईल आणि नोव्हेंबरातली गर्दी आपल्या वाट्याला येणार नाही.